मारुती निघाला गादीसकट

"अर्ध्या घंट्याचं काम हाये!" शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत नत्थूजींनी जाहीर केलं, आणि स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या वच्छलाबाईंनी हात थांबवून देवाचं नाव घेतलं.

त्यांचं काही चुकलं नाही. नत्थूजींचा अर्धा घंटा त्या घराला पुरता ठाऊक होता. गेल्या उन्हाळ्यात कूलरची खस बदलायला त्यांनी असाच अर्धा घंटा मागून घेतला होता. कूलर पुन्हा फिरला तो पोळ्याच्या दिवशी, तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत कूलर त्याच्याशी स्पर्धा करत होता!

"चार तर पेच हायेत," नत्थूजी म्हणाले. "काढले का गादी हातात. दुपारी लहानू येते, नवं रेग्झिन चढवते, संध्याकाळी गादी जागेवर. उद्या सकाळी तू नवं पातळ नेसून पुढच्या सीटवर. राणीवानी!"

"उद्याचं उद्या पाहू. आज जेवाले घरात याल का पोळ्याले, तेवढं सांगा."

गादी म्हणजे पिकअपच्या डॅशबोर्डवरची. काचेच्या खाली, स्टेअरिंगच्या पुढे, जी लांबलचक मऊ गादी बसवलेली असते ना, तीच. नत्थूजींची पिकअप जुन्या जमान्यातली, लांब नाकाची, गोल डोळ्यांची. दिघोरीच्या गल्लीत ती उभी असली की कॉलेजातली पोट्टी तिच्याशी गाल लावून फोटो काढत आणि म्हणत, "काका, क्लासिक आहे हो!" नत्थूजींना स्वतःला आजवर कुणी क्लासिक म्हटलं नव्हतं. गुडघे मात्र दोघांचे एकाच सुरात वाजत.

नागपूरच्या उन्हानं त्या गादीचं पार रान केलं होतं. वैशाखातल्या शेतासारख्या भेगा पडल्या होत्या, आणि भेगांतून आतला फोम बेसनाच्या चुऱ्यासारखा बाहेर यायचा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली की तो उडायचा. घामाच्या मानेवर, चष्म्यावर, तोंड उघडं असलं तर तोंडात!

एवढे दिवस कुणाचं अडलं नव्हतं. अडलं ते आत्ता. लेक मिनल उमरेडला दिली होती. तिला दुसरी मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी. म्हणून रविवारचं बारसं उमरेडला होतं आणि पाळणा इथून जायचा होता. सागवानाचा पाळणा, चार कोपऱ्यांत चार लाकडी पोपट. मिनल त्यातच वाढली होती. पाळणा बसमध्ये मावत नव्हता. तो पिकअपनंच जाणार, आणि वच्छलाबाईही.

पण त्यांनी अट घातली होती. "त्या भुशाखाली बसून मी विहिणीच्या दारात उतरनार नाही. माह्या नव्या पातळावर ते पिवळं पिवळं घेऊन? पाळणा तुम्ही न्या. मी आपली बसनं येते."

आता यात नुसता भुसा नव्हता. लग्नाच्या साली नत्थूजींनी नव्या नवरीला शब्द दिला होता, माझ्या गाडीत तुला पुढं बसवून मिरवीन म्हणून. पण नत्थूजींचा धंदा बिछायतीचा. लग्नाघरी गाद्या, सतरंज्या, गंज-पातेली, कढया पोचवायच्या. पुढची सीट त्यांना कधी रिकामी सापडलीच नाही. कधी तिथं आचारी बसला, कधी वरबाप, कधी रुसलेला जावई. एकदा तर रव्याचं पोतं बसलं, कारण मागं ते भिजलं असतं! वच्छलाबाई आपल्या मागं, गाद्यांच्या डोंगरावर, डोक्यावर पदर आणि पदरात वारा. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर नत्थूजींना एवढं लागलं नसतं.

धंदा आता बंद झाला होता. पुढची सीट रिकामी होती. आणि उद्या विहिणीच्या दारात नातीचा पाळणा घेऊन वच्छला पुढच्या दारानं उतरणार होती. नाहीतर बसनं जाणार होती.

म्हणून नत्थूजी पेचकस घेऊन गाडीत शिरले.

शिरल्यावर कळलं, की पेच चार नव्हेत. पेच किती ते त्या गाडीच्या जन्मदात्यालाच ठाऊक! एक काढला की त्याच्या मागून दुसरा डोकवायचा. काचेच्या कडेचे पेच दिसायला वरून आणि फिरायला खालून. नत्थूजी सीटवर उताणे झाले, डोकं डॅशबोर्डखाली खुपसलं, आणि पाय मावेनात म्हणून खिडकीतून बाहेर काढले. वरून चाळीस वर्षांची धूळ त्यांच्या डोळ्यांत सावकाश, मायेनं उतरू लागली.

शेजारच्या प्रेमलताबाई दळण घेऊन चालल्या होत्या. त्या पायांशी थांबल्या.

"भाऊजी, काय करून राहिले?"

"गादी काढून राहिलो," पाय म्हणाले.

"कायले?"

"वच्छलाले पुढं बसवाचं हाये."

"इतक्या वर्षांनी? तब्येत बरी हाये नं तिची?"

 एका पायाचा अंगठा तेवढा दमल्यासारखा हलला.

पेच निघाले. पण गादी निघेना, कारण गादीवर मारुती होता.

हा मारुती गाडी घेतली त्या आठवड्यात वच्छलाबाईंनी बसवला होता. तेव्हा तो अंगठ्याएवढा होता, पितळेचा, गोंडस. त्याला दर शनिवारी वच्छलाबाई तेल-शेंदूर लावत. एकही शनिवार चुकला नाही. नत्थूजी लग्नसराईत चार जिल्हे फिरत असोत, वच्छलाबाईंनी शेंदराची वाटी काढली की गाडी असेल तिथं थांबली. थरावर थर चढला. मारुती लिंबाएवढा झाला, मग मुठीएवढा, मग बेलफळाएवढा! आता तो नारळाएवढा होता आणि त्याचे पाय कुठं संपतात आणि गादी कुठं सुरू होते हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शेंदूर भेगांतून खाली झिरपून गादीच्या पोटात घट्ट बसला होता.

"वच्छला," नत्थूजींनी हाक दिली, "मारुती जराक खरवडून..."

"खबरदार!" वच्छलाबाई विळ्यासकट दारात उभ्या राहिल्या. "आज शनिवार हाये! देवाले पेचकस लावता?"

"मग काढू कशी?"

"गादीसकट काढा. देव बसला तिथंच राहू द्या."

नत्थूजींनी एक दीर्घ श्वास घेतला, गादीच्या दोन्ही टोकांना धरलं आणि ओढली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा पाठीत काही झालं. तिसऱ्या ओढीला गादी कडकड करत सुटली, आणि जाता जाता हॉर्नची वायर घेऊन सुटली!

पोंऽऽऽऽऽऽ!

तो हॉर्न साधासुधा नव्हता. वरातीतून वाट काढायला नत्थूजींनी मुद्दाम बसवलेला. तो वाजू लागला आणि थांबेचना. कुत्री पळाली. झोपलेली बाळं उठली, उठलेली म्हातारी माणसं दचकून पुन्हा आडवी झाली. दारं उघडली. गल्ली बाहेर आली.

बाहेर येऊन गल्लीनं काय पाहिलं? भर उन्हात नत्थूजी घरापुढून चालले आहेत. पायांत चपला नाहीत, कारण त्या गाडीत राहिल्या. अंग धुळीनं माखलेलं, डोळे लाल, त्यांतून पाणी. डोक्यावर दुपट्ट्याची चुंबळ, चुंबळीवर लांबलचक आसन, आणि आसनावर साक्षात शेंदरी मारुती! मागून वच्छलाबाई धावताहेत: "खाली ठेवू नका! देव जमिनीवर ठेवू नका! उंबराच्या ओट्यावर ठेवा, तिथं सावली हाये!" आणि सगळ्यावर तो अखंड, न थांबणारा नाद.

नत्थूजींनी गादी उंबराच्या ओट्यावर टेकवली, परत येऊन बॅटरीची वायर उपटली. नाद थांबला. सगळी गल्ली हात जोडून उभी होती. नत्थूजींना वाटलं, हॉर्न थांबल्याबद्दल आभार मानत असतील. तेही हात जोडून आत गेले, दोन पोळ्या खाल्ल्या, आणि लहानू येईस्तोवर जरा पडतो म्हणून आडवे झाले. थकलेल्या माणसाची झोप ती! तिला खाली तळ नव्हता.

जाग आली ती घंटेनं.

ते बाहेर आले. उंबराखाली माणूस मावत नव्हता. मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ, पुढं नारळांची रास, उदबत्त्यांचा धूर. ओटा शेणानं सारवलेला, त्यावर रांगोळी. आणि बाया ओळीनं येऊन, शनिवारच म्हणून, मारुतीच्या डोक्यावर तेल ओतत होत्या. तेल मारुतीवरून गादीवर, गादीवरून भेगांत. अख्खी गादी दिव्यातल्या वातीसारखी चिंब!

"अवं, हे काय करून राहिल्या?" नत्थूजी ओरडले.

प्रेमलताबाईंनी डोळे पुसले. "भाऊजी, किती वर्षांपासून म्हनत होतो, आपल्या गल्लीत एक मारुती पायजे. तेलाची वाटी घेऊन मोठ्या सडकेच्या पलीकडं जावं लागे. कोनी मनावर घेतलं नाही. तुम्ही कोनाले न सांगता, न सवरता, शनिवार पाहून स्थापना केली! आन मले काय म्हनाले? गादी काढून राहिलो! देवाची गादी! मले तेव्हा समजलंच नाही."

"अवं, तो डॅशबोर्ड हाये!"

"असू द्या नं! देवाले काय डॅशबोर्ड आन काय सिंहासन."

इतक्यात गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या यमुताई काठी टेकत पुढे आल्या. त्यांच्या गुडघ्यांनी गेली कितीतरी वर्षं मोठी सडक ओलांडली नव्हती. त्यांनी मारुतीच्या पायांवर, म्हणजे गादीच्या काठावर, डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग नत्थूजींच्या तोंडावरून हात फिरवला. "पोरा, मले वाटलं होतं, आता ह्याची भेट होत नाही."

झालं! नत्थूजींच्या ओठावर आलेलं सगळं परत पोटात गेलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात श्रीफळ दिलं. सबंध आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या सत्काराला गाद्या पुरवल्या होत्या. आपल्या खांद्यावर शाल ही पहिलीच. भर उन्हाळ्यात ती लोकरीची शाल अंगाला टोचत होती, पण काढाविशी वाटेना.

लहानू कुशनवाला आला तो याच वेळी, काखेत रेग्झिनची गुंडाळी आणि हातात गोंदाचा डबा. नत्थूजींचा जीव भांड्यात पडला.

"लहानू, बरं झालं आला. ने ही गादी."

लहानूनं गर्दी पाहिली. रुईची माळ पाहिली. चपला काढल्या, गोंदाचा डबा लांब ठेवला आणि साष्टांग नमस्कार घातला.

"देवाले रेग्झिन कसं चढवू गा, नत्थूजी?"

"देवाले नाही बाप्पा, खालच्या गादीले!"

"खाली खिळे मारीन तर वर देवाले धक्का नाही लागनार? मले पोरंबाळं हायेत." आणि नारळाचा प्रसाद घेऊन तो निघून गेला. रेग्झिनची गुंडाळी मात्र मारुतीपुढे ठेवून गेला, वस्त्र म्हणून!

घरात येऊन नत्थूजी खाटेवर बसले. समोर पाळणा उभा होता. चार पोपट त्यांच्याकडे बघत होते.

"वच्छला, आता?"

"आता काय?"

"गादीबिगर चाल उद्या. मी वर चादर टाकतो."

"मारुतीबिगर? त्या गाडीत मारुती नाही तर मी नाही. आन ते उघडे पत्रे पाहिले का? विळ्यावानी धार हाये त्याइले!"

"मग आनतो उचलून."

"आरती झाली त्याची! सारी गल्ली पाया पडली. ती यमुताई पाहिली नाही? आन तुम्ही काय त्याले पाटावरून उठवून देता?"

"मग तू कशी येशील?"

 वच्छलाबाईंनी नव्या पातळाची घडी पेटीतून काढली, बसच्या प्रवासाला न्यायच्या कापडी पिशवीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. नत्थूजी बघत राहिले. तेवढ्या दोन हालचालींत त्यांना दिवसभराच्या पेचांपेक्षा जास्त थकवा आला.

"आवतण!" वच्छलाबाई एकदम म्हणाल्या.

"काय?"

"लग्न असो का बारसं, पहिलं आवतण देवाले देतो नं आपन? मग या बारशाचं मारुतीले कोनी दिलं? कोनीच नाही! आपन आवतण दिलं आन त्यानं घेतलं, तर जानं त्याले भागच हाये. उचलून नेलं असं नाही होत मंग. पाहुना म्हनून गेला!"

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. हे डोकं आपण आजवर गाद्यांच्या डोंगरावर बसवून फिरवलं, असं त्यांच्या मनात आलं.

रविवारी उजाडताच वच्छलाबाई नवं पातळ नेसून ओट्यावर गेल्या. हळदीत रंगवलेल्या अक्षता मारुतीपुढे ठेवल्या, सुपारी ठेवली, आणि शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, "माह्या नातीचं बारसं हाये. उमरेडले. जेवाले या."

गल्ली गंभीर झाली. आवतण मोडता येत नव्हतं.

"जाऊ द्या देवाले," यमुताईंनी निकाल दिला. "पन सांजेच्या आरतीले देव ओट्यावर परत पायजे."

"आनतो!" नत्थूजी म्हणाले.

"आन देव काय एकटा जाईल?" प्रेमलताबाईंनी विचारलं. "पाहुना कधी एकटा जाते का?"

तोवर बाया गाडीत चढूही लागल्या होत्या. पाळणा मधोमध, त्याच्याभोवती बाया, टाळ, पाण्याचे डबे, आणि पाळण्याशेजारी सतरंजीच्या घडीवर यमुताई, स्वर्गाला निघाल्यासारख्या. नत्थूजींनी बॅटरीची वायर जोडली, हॉर्नची तुटलेली बाजूला बांधून ठेवली, मारुती गादीसकट डॅशबोर्डवर बसवला, दोन पेच अर्धेमुर्धे फिरवले. भुसा मात्र उडेना! तेलानं तो असा दबून बसला होता की त्याला हलवायची वाऱ्याची टाप नव्हती. नत्थूजींना मनातून आनंद झाला. त्यांनी पुढचं दार बाहेरून उघडलं. आतली मूठ केव्हाच तुटली होती.

"बस, वच्छला."

वच्छलाबाई बसल्या. पातळाच्या निऱ्या नीट केल्या, पदर सारखा केला, पुढे पाहिलं. सगळी सडक त्यांच्याकडे येत होती. आजवर त्यांनी ती नेहमी मागं पळतानाच पाहिली होती. त्या लाजून हसल्या, आणि नत्थूजींनी गिअर टाकला.

दिघोरीचा नाका गेला तोवर सगळं ठीक होतं. मग ऊन वर आलं. काच तापली, गादी तापली, आणि गादीच्या पोटातलं सगळ्या गल्लीचं तेल जागं झालं. पहिला थेंब वच्छलाबाईंच्या उजव्या गुडघ्यावर पडला. मग डाव्या. पाचगावपर्यंत शेंदूर विरघळून ओघळू लागला, नव्या पातळावर निऱ्या-निऱ्यांतून नारिंगी नद्या!

"अवं, हात धर खाली!"

"दोन हातांनी किती धरू?"

मागून टाळ वाजत होते. सीटमागच्या लहानशा झडपेतून गाणं तुकड्यातुकड्यानं आत येत होतं:

"उमरेडच्या वाटेले ऊन तापलं रानोरानी,
माह्या लेकीच्या दारात उभी सावली मायवानी."

गाण्यामागून हसण्याचा मोठा फवारा आला. वच्छलाबाई वळल्या. "काय म्हनली वं प्रेमलता?"

ऐकू गेलं नाही. पुन्हा हशा.

"अहो, काय म्हनली ती?"

"मले काय ठाऊक? मी गाडी चालवून राहिलो," नत्थूजी म्हणाले, आणि पुन्हा गप्प झाले. ते गाडी चालवताना बोलत नसत. पुढच्या सीटवरच्या सगळ्या आचाऱ्यांना आणि वरबापांना हे माहीत होतं. वच्छलाबाईंना आज कळलं.

उमरेडला दारात मांडव होता. विहीणबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या. पिकअप थांबली, आणि मागची सगळी गल्ली एकदम खाली! "मारुती आला! मारुती आला!" विहीणबाईंना कुणीतरी सांगितलं की खुद्द देव आवतणाला मान देऊन आलाय.  नत्थूजींनी आपल्या बाजूनं उतरून दोन पेच सोडले, गादी डोक्यावर घेतली, आणि टाळांच्या गजरात मांडवाकडे निघाले. मागं यमुताई, मागं पाळणा, मागं दोन्हीकडचं सगळं गोत. मारुतीला ओवाळलं. यमुताईंना ओवाळलं. नत्थूजींना ओवाळलं. पाळण्यालाही ओवाळलं. चौरंग आला, गादी त्यावर बसली, आणि नत्थूजींनी घाम पुसत एक पेलाभर पन्हं प्यायलं. काय मान! त्यांना वाटलं, आज सगळं जमलं.

"बाबा," मिनल दारातून म्हणाली, कडेवर बाळ, "आई कुठी हाये?"

नत्थूजींनी पेला खाली टाकला.

ते धावणार, तेवढ्यात मिनलच निघाली. बाहेर उन्हात पिकअप एकटी उभी होती. पुढच्या काचेआड वच्छलाबाई बसल्या होत्या, गुडघ्यांपर्यंत शेंदरी, गिअरचा दांडा ओलांडून पलीकडून उतरणं नव्या पातळात जमेना म्हणून हातानं काच ठोठावून दमलेल्या, घामानं कुंकू ओघळलेलं. सगळ्या गल्लीला आतून मूठ नसलेलं ते दार ठाऊक होतं, आणि आठवलं एकालाही नव्हतं. मिनलनं बाळाला एका हातावर घेऊन दार उघडलं. वच्छलाबाईंनी नातीला पहिल्यांदा पाहिलं ते असं. त्यांनी हात पुढे केले, बाळ घेतलं, आणि बाळाच्या नव्याकोऱ्या झबल्यावर पाच नारिंगी बोटं उमटली.

"शेंदूर लागला पोरीले!" बाया हरखल्या. झबलं धुवायचं नाही असं ठरलं. आत्यानं ठरवलेलं नाव चिन्मयी; तेच कानात सांगितलं. पण देव स्वतः आला म्हणून यमुताईंनी 'अंजनी' अशी हाक मारली, आणि जेवणं होईस्तोवर चिन्मयी हे नाव फक्त आत्याच्या लक्षात राहिलं.

जेवणं झाली. सूर्य कलू लागला. आरतीला पोचायचं होतं. नत्थूजी दुपारभर खाली मान घालून वावरत होते. त्यांनी मिनलकडून धुतलेली जाड चादर मागून घेतली, पुढची सीट पुसली, त्यावर ती चौपदरी अंथरली. गादीखाली एक परात दोरीनं बांधली, थेंब झेलायला. मारुती जागेवर बसवला. मग स्वतः जाऊन पुढचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले, सगळ्या गोतापुढे, मिरवणुकीतल्या भालदारासारखे.

"ये वच्छला. आता एक थेंब पडनार नाही. आन उतरवाले मीच येतो, देवाशपथ."

वच्छलाबाई जवळ आल्या. चादरीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, नवऱ्याच्या थकलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत माया होती. नत्थूजींना ती स्पष्ट दिसली.

"एक सांगू का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "राग नाही नं मानत?"

"सांग."

"मले इतकी वर्षं वाटे, पुढं बसनाऱ्याची लय मजा असंल. काही नाही हो बाप्पा! वारा नाही, गोष्ट नाही, मानूस बोलत नाही. इंजिन तेवढं पाय भाजते. मी आपली मागंच जाते."

आणि त्यांनी निऱ्या खोचल्या, प्रेमलताबाईंचा हात धरला आणि मागं चढल्या, सरावाच्या पायांनी, एका दमात. पाळण्याची जागा रिकामी झाली होती. तिथं त्या ऐसपैस बसल्या. "हां वं प्रेमलता, आता सांग, सकाळी काय म्हनली होती?"

प्रेमलताबाईंनी कानात सांगितलं. वच्छलाबाई अशा हसल्या की टाळ खाली पडले.

नत्थूजींनी पुढचं दार हळूच लोटलं, वळसा घालून आपल्या जागेवर बसले आणि गाडी सुरू केली. मागून ओवी आली, आणि या खेपेला आवाज वच्छलाबाईंचा होता:

"गाडीचा हाकनारा पुढं बसला एकला,
त्याच्या शेजारी गं सई देव शेंदूर माखला."

झडपेपलीकडे सगळी गाडी हसत होती. उमरेडची शेवटची घरं मागं गेली, सडक मोकळी झाली. नत्थूजींनी चौपदरी चादरीकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. पुढं आता दोघंच होते. एक जन्माचा ब्रह्मचारी, आणि दुसरा, नागपूर येईपर्यंतचा!